आडनावापलीकडचं व्हायोलिन

तातार लोक अरबीतल्या ‘ऐन’चा उच्चार बऱ्याच नावांत ‘गैन’सारखा करतात. त्यामुळे अब्दुल्ला तिकडे गब्दुल्ला होतो, मसऊदचा मसगूद होतो आणि उबैदुल्लाचा गुबैदुल्ला. त्यांचा लाडका कवी गब्दुल्ला तुकाई (१८८६–१९१३) हा आपल्या हिशेबाने अब्दुल्लाच. या गुबैदुल्लाला रशियन पद्धतीचा ‘इन’ चिकटला, बाईचं नाव म्हणून पुढे ‘आ’ लागला, की झालं गुबैदुलिना. ‘उबैद’ हे ‘अब्द’चं लघुरूप. म्हणजे अल्लाहच्या एका छोट्याशा बंद्याच्या घराण्यातली लेक.

उर्दू शिकवणाऱ्या बाईला नावांची अशी फोड केल्याशिवाय चैन पडत नाही. पण आजचा लेख नावापाशी थांबणाऱ्यांविषयी आहे, म्हणून ही हौस एवढ्यावरच आवरते.

सोफिया गुबैदुलिना १३ मार्च २०२५ रोजी जर्मनीत, हँबुर्गजवळच्या आपेन या गावी वयाच्या ९३व्या वर्षी वारल्या. त्या गेल्यावर आम्हा शिक्षकांच्या एका व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी संदेश पुढे ढकलला, की जगातली एक फार मोठी ‘मुस्लिम संगीतकार’ गेली. थोड्या वेळाने दुसऱ्यांनी खुलासा केला, मुस्लिम कसली, आजोबा मुल्ला होते हे खरं, पण बाई १९७० साली बाप्तिस्मा घेऊन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती झाल्या होत्या. तिसरे म्हणाले, मुस्लिम असो वा ख्रिस्ती, शेवटी गाणंबजावणंच ना, आपला काय संबंध? चर्चा संपली. दुसऱ्यांची माहिती अगदी बरोबर होती. पण तिघांपैकी एकानेही या बाईंची एकही रचना ऐकलेली नव्हती, हे नंतर बोलताना कळलं. वारसा सांगायचा की नाकारायचा, एवढाच प्रश्न होता. ऐकायचं काय, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

मी पाश्चात्त्य संगीताची जाणकार नाही. बी.एड. करून उर्दू आणि मराठी शिकवते. रात्री वह्या तपासताना कानाला हेडफोन लावून जे मिळेल ते ऐकत आले, त्यातून गुबैदुलिना भेटल्या. गेली काही वर्षं त्यांचे व्हायोलिन, व्हायोला, चेलो अशा तंतुवाद्यांसाठी लिहिलेले कॉन्चर्टो मी पुन्हापुन्हा ऐकते आहे. माझं मत असं झालं आहे, की या बाईंनी कॉन्चर्टो या प्रकाराचा हेतूच बदलून टाकला. आणि तो बदल कळायला त्यांचं आडनावही पुरत नाही आणि त्यांचा बाप्तिस्माही पुरत नाही.

आधी कॉन्चर्टो म्हणजे काय ते थोडक्यात. एक वादक पुढे उभा राहतो. मागे साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद. दोघांचं एकमेकांशी बोलणं, भांडणं, जुळवून घेणं म्हणजे कॉन्चर्टो. या शब्दामागच्या लॅटिन धातूचा अर्थच झुंजणं असा आहे. इटालियनमध्ये तोच जुळण्याकडे, एकमत होण्याकडे वळला. आपल्या सवाल-जवाबाची आठवण व्हावी असा हा मामला. एकोणिसाव्या शतकात तो वीराच्या कहाणीसारखा झाला. एकटा व्हायोलिनवाला सगळ्या फौजेला पुरून उरतो, मधे एक जागा केवळ त्याच्या करामतीसाठी राखलेली असते, आणि शेवटी टाळ्या. यातलं पुष्कळ संगीत सुंदर आहे, मला आवडतं. पण त्याचा साचा जिंकण्याचा आहे.

गुबैदुलिना यांच्या कॉन्चर्टोत पुढे उभा असलेला माणूस जिंकायला आलेलाच नसतो. तो देऊन टाकायला आलेला असतो.

आता ‘ऑफर्टोरियम’कडे येते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. गिडॉन क्रेमर हे लाटव्हियात जन्मलेले, सोव्हिएत संघात घडलेले नामांकित व्हायोलिनवादक. एकदा दोघं एकाच टॅक्सीतून जात असताना क्रेमर सहज म्हणाले, माझ्यासाठी एक व्हायोलिन कॉन्चर्टो लिहा ना. म्हणणारा विसरूनही गेला असेल, पण बाईंनी ते मनावर घेतलं. १९८० साली रचना पूर्ण झाली. तो काळ त्यांच्यासाठी बरा नव्हता. १९७९च्या नोव्हेंबरात सोव्हिएत संगीतकार संघाच्या अधिवेशनात संघाचे प्रमुख तिखोन ख्रेनिकोव्ह यांनी सात संगीतकारांची नावं घेऊन जाहीर तासडलं होतं, त्यांत गुबैदुलिना होत्या. गुन्हा काय, तर त्यांची रचना परवानगीशिवाय परदेशी महोत्सवात वाजली. तिकडे क्रेमर पश्चिमेत गेले ते परतले नाहीत. कॉन्चर्टोची हस्तलिखित प्रत गुपचूप देशाबाहेर न्यावी लागली. ३० मे १९८१ रोजी व्हिएन्नात लाइफ सेगरस्टाम यांच्या दिग्दर्शनाखाली क्रेमर यांनी तो पहिल्यांदा वाजवला. नंतर बाईंनी त्यात दोनदा बदल केले.

रचनेची कल्पना सांगायची तर दोन वाक्यांत सांगता येते. १७४७ साली प्रशियाच्या राजा फ्रेडरिकने बाखला एक सुरावट दिली आणि यावर काही करून दाखवा म्हटलं. बाखने तिच्यावर ‘म्युझिकल ऑफरिंग’ हा अख्खा ग्रंथच रचला आणि राजाला नजराणा म्हणून पाठवला. गुबैदुलिना यांनी तीच विसेक सुरांची सुरावट उचलली.

सुरुवातीला ती ऐकू येते ती वाद्यवृंदात, पण एका वाद्यातून नाही. एक-दोन सूर एका वाद्याचे, पुढचे दुसऱ्याचे, त्यापुढचे तिसऱ्याचे. वर्गात एका ओळीतला एकेक शब्द एकेका मुलाला म्हणायला लावला तर कसं होईल, तसं. ओळ तीच, पण प्रत्येक शब्दाला वेगळा गळा. ही युक्ती वेबर्न या ऑस्ट्रियन संगीतकाराची. त्याने १९३५च्या सुमारास याच सुरावटीवरची बाखची रचना अशी वाटून लिहिली होती. बाखही आणि वेबर्नही हे बाईंचे मानलेले गुरू, म्हणून एका दमात दोघांना सलाम. मात्र सुरावटीचा शेवटचा सूर येतच नाही. कान त्या सुराची वाट पाहत असतात, आणि त्या रिकाम्या जागी व्हायोलिन शिरतं. दोन शेजारच्या सुरांत थरथरत, बोलायला नुकतंच शिकल्यासारखं.

तिथून पुढे प्रत्येक फेरीत सुरावटीचा पुढचा एक सूर आणि मागचा एक सूर गळतो. फळ्यावर एक लांब शब्द लिहून दोन्ही टोकांकडून एकेक अक्षर पुसत जावं, तसं. वर्गात मी हे करून दाखवते तेव्हा पहिली दोन-तीन अक्षरं जाईपर्यंत मुलं शब्द बरोबर ओळखतात, मग अंदाज बांधतात, मग गप्प होतात. कॉन्चर्टोतही तेच होतं. मधल्या काळात वाद्यवृंद खवळतो, पितळी वाद्यं अंगावर येतात, व्हायोलिन ओरडतं, खरवडतं, घसरतं. आणि सुरावट कमी कमी होत मधला एकच सूर उरतो.

एकच सूर. बाखची सुरावट संपली. राजाचा नजराणा संपला.

रचनेचं नाव ऑफर्टोरियम का, हे इथे कळतं. चर्चमधल्या प्रार्थनाविधीत रोटी आणि द्राक्षरस अर्पण करण्याचा जो भाग असतो त्याचं हे नाव. सुरावट स्वतःला अर्पण करते. आपण कुर्बानी म्हणू. मी जाणूनबुजून हा शब्द वापरते आहे, आणि त्यातली अडचणही मला ठाऊक आहे. गुबैदुलिना यांच्या मनात ख्रिस्ती अर्थ आहे, सुळावरचा येशू आहे. आपल्या श्रद्धेत तो प्रसंग तसा नाही. त्यांच्या कुर्बानीत देणारा आणि दिला जाणारा एकच. आपल्या कुर्बानीच्या कथेत बाप, मुलगा आणि सुरी आहे आणि शेवटी मुलगा वाचतो. या दोन गोष्टी एक आहेत असं म्हणण्याचा सोपा मोठेपणा मला नको. ‘सगळे धर्म एकच सांगतात’ हे वाक्य शाळेच्या स्नेहसंमेलनात ठीक असतं. पण एखाद्याच्या श्रद्धेचा तपशील माझा नाही म्हणून त्यातून उपजलेलं संगीत मला बंद होतं का? माझा अनुभव तर उलटा आहे. एकेक सूर गळताना मला जी हुरहूर वाटते तिला बाप्तिस्म्याचा दाखला लागत नाही. आपल्या घरातलं एक माणूस आधी नावं विसरतं, मग नाती विसरतं, आणि शेवटी एकाच शब्दावर येऊन थांबतं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या मधल्या भागात काय चाललं आहे ते कुणी सांगावं लागणार नाही.

मग तिसरा भाग. खाली तंतुवाद्यांचं संथ, सामूहिक गायन चालल्यासारखं वाटतं, वर व्हायोलिन लांबच लांब ओळी ओढतं. कानाला गोड, अगदी जुन्या वळणाचं. आणि या गोडव्याखाली बाखची सुरावट सूर-सूर करून परत जुळत असते, पण उलटी. शेवटच्या सुराकडून पहिल्याकडे. पूर्ण होते तेव्हा सगळे सूर जागेवर असतात आणि तरी ती ओळखू येत नाही. शेवटी व्हायोलिन खूप उंचावर एका सुराला जाऊन टेकतं.

हा शेवट काहींना फार गोड वाटतो. इतका वेळ छळलंत आणि आता थोपटता, अशी तक्रार. मला ती पटत नाही. तो गोडवा दिलासा म्हणून येत नाही. जे गेलं ते परत आलं आहे, पण तुम्हाला ओळखता येणार नाही अशा रूपात आलं आहे. यात दिलासा किती आणि हुलकावणी किती, हे दर वेळी ऐकताना बदलतं.

ही बाई घडली कशी, हेही थोडं सांगते. जन्म २४ ऑक्टोबर १९३१चा, तातार प्रजासत्ताकातल्या कामा नदीकाठच्या चिस्तोपोल गावचा; बालपण काझानमध्ये. वडील असगत (म्हणजे आपला असअद) जमीनमोजणीतले अभियंता, आई रशियन, शिक्षिका. आजोबा मसगूद मुल्ला. काझान हे एके काळी कुराणाच्या छपाईसाठी प्रसिद्ध शहर. तिथल्या छापील प्रती दूरदूर जात. पण सोफियाच्या लहानपणी घरात धर्माचं नाव काढायची सोय नव्हती. तातार भाषेची अरबी लिपी १९२७मध्ये गेली, लॅटिन आली. १९३९मध्ये तीही जाऊन रशियन लिपी आली. म्हणजे आजोबांनी ज्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं ती अक्षरं नातीला शाळेत कुणी शिकवलीच नाहीत. भाषा शिकवणारी म्हणून मला हा तपशील इतर सगळ्यांपेक्षा जास्त बोचतो.

पुढे काझान आणि मग मॉस्को इथे संगीताचं शिक्षण. तिथे परीक्षक असलेल्या शोस्ताकोविच यांनी त्यांना आपल्या ‘चुकीच्या’ वाटेवरूनच चालत राहण्याचा सल्ला दिला, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पोटासाठी त्यांनी चित्रपटांना संगीत दिलं. १९६७ ते १९७१ दरम्यान निघालेल्या सोव्हिएत कार्टूनपटातल्या मोगलीचं संगीत त्यांचं. आपण दूरदर्शनवर पाहिला तो मोगली वेगळा, जपानी. १९६९ साली त्यांनी ‘रुबाइयात’ नावाची रचना केली ती खाकानी, हाफिज आणि खय्याम यांच्या काव्यावर. १९७५ साली दोन सहकाऱ्यांबरोबर ‘अस्त्रेया’ नावाचा गट काढला. कॉकेशस आणि मध्य आशियातली लोकवाद्यं घेऊन बसायचं आणि कागदाशिवाय, सुचेल तसं वाजवायचं. ही सवय त्यांच्या कॉन्चर्टोत जागोजागी ऐकू येते. व्हायोलिन त्यांना फक्त इटलीचं वाद्य वाटत नाही. तार, लाकूड आणि घोड्याचे केस एवढंच ते वाटतं, आणि त्यातून काय काय निघतं हे त्या नव्याने शोधतात.

हे शोधणं म्हणजे काय, त्याचं उदाहरण ‘सेव्हन वर्ड्स’ (१९८२) या रचनेत आहे. चेलो, बायान (हा रशियन अकॉर्डियन, भात्याचा श्वास आपल्या पेटीसारखाच) आणि तंतुवाद्यांचा वृंद. यात चेलोवादकाचा गज हळूहळू घोडीकडे सरकत जातो. घोडी म्हणजे तारांखालचा तो लाकडी पूल. गज घोडीच्या जवळ गेला की आवाज काचेसारखा पातळ आणि चिरका होतो. सरकत सरकत गज शेवटी घोडी ओलांडून पलीकडे जातो, जिथे तार आहे पण तिला नेहमीचा सूर नाही. बाईंच्या मते ही या जगातून पलीकडे जाण्याची खूण. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ही खूण मला माहीत नव्हती. एवढंच जाणवलं, की आवाज अशा जागी गेला जिथे मी त्याच्या मागे जाऊ शकत नाही.

व्हायोला हे व्हायोलिन आणि चेलो यांच्या मधलं, जरा घोगऱ्या गळ्याचं वाद्य. वृंदात त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही; लग्नाच्या पंगतीत वाढप्याकडे जात नाही तसं. त्यांचा व्हायोला कॉन्चर्टो (१९९६) युरी बाश्मेट यांच्यासाठी आहे, आणि १९९७मध्ये शिकागोत पहिल्यांदा वाजला. त्यात मुख्य वाद्यवृंदाशिवाय चार तंतुवाद्यांचा एक छोटा गट आहे, आणि तो बाकीच्यांपेक्षा पाव सूर खाली लावलेला असतो. पियानोच्या दोन शेजारच्या पट्ट्यांच्या मधोमध, पट्टीवर नसलेला सूर. युरोपियन कानाला हे बेसूर वाटण्याची भीती. श्रुतींचा उच्चार निदान ऐकून माहीत असलेल्या आपल्यासारख्यांना तितकी नाही. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत एकाकी कॉन्चर्टो आहे. वाद्यवृंद आणि तो खाली लावलेला गट ही जणू दोन वेगळी घरं. दोन्हींकडे माणसं आहेत, दिवे आहेत, आणि व्हायोला मधल्या गल्लीत उभं. मला ऑफर्टोरियमपेक्षा हा जास्त जवळचा वाटतो. दोन भाषांत पगार घेणाऱ्या बाईला वाटणारच.

१९९८चा ‘टू पाथ्स’ दोन व्हायोलांसाठी आहे. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या दोन महिला वादकांनी, सिंथिया फेल्प्स आणि रेबेका यंग यांनी तो १९९९मध्ये पहिल्यांदा वाजवला. विषय मारिया आणि मार्था या दोन बहिणींचा, ल्यूकच्या शुभवर्तमानातला. (ही मारिया म्हणजे आपल्या हजरत मरियम नव्हेत, दुसरी.) येशू घरी येतात, मारिया त्यांच्या पायाशी बसून ऐकते, मार्था पाहुणचारात राबते आणि तक्रार करते. एक व्हायोला वर वर चढत जातं, दुसरं खालच्या सुरांत राहतं. बाईंना दोन्ही वाटांचं प्रेम दाखवायचं आहे. मला विचाराल तर माझा जीव मार्थाच्या व्हायोलात अडकतो. आपल्या घरातल्या रमजानच्या संध्याकाळी आठवा. तरावीहला निघालेले वर चढत असतात आणि भांडी खालच्या पट्टीत वाजत असतात.

‘इन टेम्पस प्रेझेन्स’ (२००७) हा दुसरा व्हायोलिन कॉन्चर्टो आन-सोफी मुटर यांच्यासाठी. लुसर्नच्या महोत्सवात बर्लिन फिलहार्मोनिक आणि सायमन रॅटल यांच्याबरोबर तो पहिल्यांदा झाला. यात एक साधी पण धाडसी गोष्ट आहे: वाद्यवृंदात एकही व्हायोलिन नाही. नेहमी वृंदात व्हायोलिनांचा मोठा ताफा असतो आणि एकल व्हायोलिन त्यांतलंच एक, जरा पुढे आलेलं. इथे मागे सगळे भारदस्त, खालचे, गडद आवाज आणि त्यांच्या वर एकच एक व्हायोलिन. तिला जातभाई कुणीच नाही. मधे एका जागी वाद्यवृंद एकाच सुरावर पुन्हापुन्हा घाव घालतो तेव्हा जेवण टाकून उठावंसं वाटतं. बाई आणि वादक या दोघींच्या नावांत सोफी-सोफिया, म्हणजे ग्रीकमध्ये प्रज्ञा, आपली हिकमत. रचना तिलाही उद्देशून आहे.

इथे मला थोडं टोचून बोलायचं आहे. गुबैदुलिना यांच्या रचनांविषयी जे काही छापून येतं त्यात प्रतीकांची फार गर्दी असते. हा क्रूस, ती प्रज्ञा, हा अंतिम न्यायाचा दिवस, ही फिबोनाचीची गणिती मालिका. त्याला बाईही जबाबदार आहेत. स्वतःच्या संगीतावर त्या भरपूर बोलत. पण ऐकणाऱ्याने हे सगळं पाठ करून बसावं अशी सक्ती झाली, की संगीत परीक्षेची गाईड होतं. इन टेम्पस प्रेझेन्स मला काही ठिकाणी असाच जड जातो. अर्थ इतका आधीच ठरलेला की आवाजाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. ऑफर्टोरियममध्ये तसं होत नाही, कारण तिथे अर्थ रचनेतच आहे. सूर गळतात, हे कानालाच कळतं.

आणखी एक रचना सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तंतुवाद्य म्हटलं की पाश्चात्त्य जग गजाने वाजणाऱ्या चार वाद्यांपाशी थांबतं. १९९८च्या ‘इन द शॅडो ऑफ द ट्री’मध्ये एकच वादक तीन वाद्यं वाजवतो: जपानी कोतो, मोठा बास कोतो आणि चिनी झेंग. मागे पूर्ण सिम्फनी वाद्यवृंद. काझुए सावाई यांच्यासाठी लिहिलेली ही रचना टोकियोत एनएचके वाद्यवृंदाबरोबर झाली. छेडलेल्या तारेचा आवाज उमटताच मरायला लागतो. सतार-तंबोऱ्याच्या सहवासात वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको. बाई त्या मरणाऱ्या आवाजाला घाई करत नाहीत. इतक्या मोठ्या वृंदाला त्या शांत बसवतात, एक तार विझेपर्यंत.

गटावरच्या त्या तिसऱ्या सद्‌गृहस्थांना, ‘गाणंबजावणं, आपला काय संबंध’ म्हणणाऱ्यांना, एवढंच सांगेन की मिरजेला जाऊन या. तिथे शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या भोपळे कोरून देशभराचे तंबोरे आणि सतारी घडवल्या. पूर्वी तलवारींना धार लावणारे हात ते. संगीत जायज की नाजायज हा वाद मी इथे उघडत नाही. माझा तो अधिकार नाही आणि ज्यांना मनापासून वर्ज्य वाटतं त्यांच्या श्रद्धेची मी टिंगल करणार नाही. पण ‘आपला संबंध नाही’ हे विधान श्रद्धेचं नाही, माहितीचं आहे, आणि ते खोटं आहे.

पहिल्या सद्‌गृहस्थांचं, ‘मुस्लिम संगीतकार’ म्हणणाऱ्यांचं मला जास्त वाईट वाटतं, कारण त्यांचा हेतू चांगला होता. बातम्यांत आपलं नाव फारसं चांगल्या कारणाने येत नाही. एखादं मोठं नाव ओळखीचं वाटलं की हात पुढे होतोच. पण गुबैदुलिना यांनी प्रौढपणी, विचार करून, तेही त्या राजवटीत जिथे कुठलाच धर्म सोयीचा नव्हता, एक धर्म निवडला. तो त्यांचा निर्णय पुसून त्यांना आपल्या यादीत घालणं म्हणजे त्यांच्या घराण्याचं जे सोव्हिएत सरकारने केलं त्याचाच छोटा प्रयोग आपण करणं. आणि त्या ख्रिस्ती झाल्या म्हणून आजोबा पुसून टाकणं, हाही तोच प्रयोग, दुसऱ्या टोकाकडून.

आता जे लिहिते ते माझं आहे, बाईंनी असं कुठे म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. ऑफर्टोरियममधली ती सुरावट मला कधीकधी मसगूद मुल्लांच्या घरासारखी ऐकू येते. एका टोकाने लिपी जाते, दुसऱ्या टोकाने मशीद जाते. मग नमाज, मग बोली. मधे एक सूर उरतो, आडनाव. आणि एके दिवशी, त्याच घरात, एका मुलीच्या अंगी इबादत परत येते. सगळे सूर आहेत. पण क्रम उलटा, आणि आजोबांनाही ओळखू येऊ नये अशी. तिला काय म्हणायचं, परतणं की दुरावणं? गटावरचे दोघेही उत्तर देऊन मोकळे झाले होते. रचना स्वतः मात्र काहीच ठरवत नाही, ती त्या उंच सुरावर जाऊन थांबते.

त्यांचा तिसरा व्हायोलिन कॉन्चर्टो २०१८चा, वादिम रेपिन यांच्यासाठी, सैबेरियातल्या नोवोसिबिर्स्कला झालेला. तेव्हा बाई ८६ वर्षांच्या होत्या. नाव ‘डायलॉग: इख उंड डू’, म्हणजे संवाद, मी आणि तू. हे नाव मार्टिन बूबर या ज्यू तत्त्वचिंतकाच्या पुस्तकावरून आलं आहे. मुल्लांची नात, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, ज्यू चिंतकाचा शब्द घेऊन व्हायोलिनला बोलतं करते. गटावर टाकला असता तर पुन्हा अर्धा तास गेला असता.

ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी ऑफर्टोरियमपासून सुरुवात करावी. क्रेमर यांनी शार्ल द्युत्वा आणि बोस्टन सिम्फनीबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण इंटरनेटवर सहज सापडतं. साधारण ३५ मिनिटं. पहिल्या खेपेला कानाला त्रास होईल, पंधरा-वीस मिनिटांवर बंद करावंसं वाटेल. करू नका, गोड भाग पुढे आहे. हेडफोन जरा बरे वापरा, मोबाइलच्या स्पीकरवर मंद आवाज हरवतात. आणि आधी बाखची ती मूळ सुरावट दोन-चार वेळा ऐकून घ्या, म्हणजे काय काय गळतं आहे ते कळेल. शेवटी ती उलटी परत येते तेव्हा ओळखू येते का, ते मला जरूर कळवा. मला नुसत्या कानाने अजून आलेली नाही. कागदावर उजवीकडून डावीकडे लिहून बघितली तेव्हाच दिसली.